ब्रेस्ट पंप निवडण्याचा क्रम: आधी गरज, मग माप, यंत्र शेवटी

ब्रेस्ट पंप घेताना बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. मोटर किती जोरकस आहे किंवा मैत्रिणीला कोणता पंप चालला, यावरून आधी यंत्र पसंत केले जाते. मग ते वापरताना दुखू लागते, बाटलीचा जेमतेम तळ झाकेल इतके दूध जमते आणि दोष पंपाच्या मापात असताना आई ‘मलाच दूध कमी आहे’ असे धरून चालते. त्यानंतर वरचे दूध सुरू होते, अंगावर पाजणे घटते आणि जे आधी खरे नव्हते ते काही आठवड्यांत खरे होऊन बसते. हे टाळण्यासाठी पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. दुसरा टप्पा पहिल्यावर आणि चौथा दुसऱ्यावर अवलंबून आहे.

टप्पा 1: गरज कागदावर लिहून काढणे

कोणताही पंप पाहण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. बाळ अंगावर नीट पिते का? चोवीस तासांत किती वेळा दूध काढावे लागेल? ते कुठे काढायचे आहे, घरी, कामाच्या ठिकाणी की प्रवासात? आणि प्रत्येक वेळी हाताशी किती मिनिटे असतील? मनातल्या मनात उत्तरे देऊ नयेत, कारण लिहायला बसल्यावरच अनेकींच्या लक्षात येते की आपल्याला पंप आठवड्यातून दोनदाच लागणार आहे.

उत्तरांवरून साधारण चार परिस्थिती समोर येतात. बाळ अंगावर चांगले पीत असेल आणि क्वचित दोन-तीन तास बाहेर जायचे असेल, तर गरज हलकी आहे. आई कामावर परतणार असेल आणि रोज दोन-तीन पाजण्या चुकणार असतील, तर गरज मध्यम पण नियमित आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, अतिदक्षता कक्षात असेल किंवा कोणत्याही कारणाने अंगावर घेत नसेल, तर बाळाचे संपूर्ण काम पंपाला करावे लागते. ही सर्वांत भारी गरज. चौथी परिस्थिती म्हणजे दूध भरून स्तन दगडासारखे होणे. तिथे आराम पडेल इतकेच दूध काढायचे असते. स्तन रिकामा करण्याच्या मागे लागल्यास शरीर आणखी दूध तयार करते आणि दुसऱ्या दिवशी त्रास वाढलेला असतो.

खरेदी कधी करावी हेही इथेच ठरवावे. बाळ पूर्ण दिवसांचे आणि निरोगी असण्याची अपेक्षा असेल, तर बाळंतपणापूर्वी महागडा पंप घेण्याची घाई करू नये. निपलचे माप गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बदलते, आणि नेमकी गरज काय हे बाळ जन्मल्यावरच कळते.

*इशारा:* पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक दाट असतो आणि एका वेळी थेंबांत किंवा काही मिलीलीटरच निघतो. पंपाने काढल्यास त्यातला बराचसा कपाला, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या भागाला, आणि व्हॉल्व्हला, म्हणजे दुधाच्या वाटेतल्या छोट्या झडपेला, चिकटून वाया जातो. तो हाताने पिळून स्वच्छ चमच्यात किंवा सिरिंजमध्ये घ्यावा. बाळ आईपासून दूर ठेवलेले असेल तर दूध काढणे बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही तासांतच सुरू करावे आणि चोवीस तासांत किमान 8 वेळा करावे, त्यातील एखादी वेळ रात्रीची असावी. सुरुवातीला पंपात काहीच येत नसले तरी थांबू नये. त्या दिवसांत पंप शरीराला ‘बाळ आहे’ असा निरोप देत असतो, आणि त्या निरोपावरच पुढचे दूध अवलंबून असते.

टप्पा 2: गरजेला पंपाचा प्रकार जोडणे

हातपंप दांडी दाबून चालतो. तो हलका आणि जवळजवळ बिनआवाजी असतो, त्याला वीज लागत नाही आणि क्वचितच्या गरजेला तो पुरेसा आहे. रोज तीन वेळा वापरल्यास मात्र मनगट आणि अंगठा दुखावतो. बाळंतपणानंतर अनेकींची मनगटे आधीच दुखरी असतात, हे विसरू नये.

एकेरी विद्युत पंप एका वेळी एकाच बाजूचे दूध काढतो. तो दुहेरीपेक्षा स्वस्त असतो, म्हणून नोकरी करणाऱ्या आया तो पुष्कळदा घेतात. माझ्या मते ही बचत चुकीच्या जागी होते. प्रत्येक बाजूला 15 मिनिटे म्हटली तर अर्धा तास जातो, आणि कामाच्या मधल्या सुटीत तेवढा वेळ बहुतेकींना मिळत नाही. रोजची गरज असेल तर दुहेरी विद्युत पंपच घ्यावा. दोन्ही बाजूंचे दूध एकाच वेळी निघाल्याने वेळ निम्मा होतो.

बाळ अंगावर घेतच नसेल तर रुग्णालयात वापरतात त्या दर्जाचा, अनेकींनी वापरण्यासाठीच बनवलेला पंप भाड्याने मिळतो का ते आधी पाहावे. त्याची मोटर दिवसातून आठ-दहा वेळा चालण्यासाठी घडवलेली असते. त्यातील दुधाला लागणारे सर्व भाग, म्हणजे कप, व्हॉल्व्ह, नळ्या आणि बाटल्या, प्रत्येक आईचे स्वतंत्र आणि नवे असतात. दूध एकदा बसले, म्हणजे नियमित आणि पुरेसे येऊ लागले, आणि बाळ अंगावर पिऊ लागले की तो परत करता येतो.

अंतर्वस्त्रात बसणारे बिननळीचे पंप सध्या पुष्कळ दिसतात. हात मोकळे राहतात ही त्यांची खरी सोय आहे. परंतु निपल कपाच्या मधल्या नळीसारख्या भागात बरोबर मध्यभागी बसले आहे की नाही हे अनेक नमुन्यांत नीट दिसत नाही, पुढे वाकल्यास दूध सांडू शकते आणि साठवणुकीची जागा मर्यादित असते. दूध पुरते बसेपर्यंत, म्हणजे पहिले काही आठवडे, हा पंप एकमेव म्हणून ठेवू नये. दुसरा, सोयीचा पंप म्हणून तो चांगला आहे.

सिलिकॉनचा दाबून लावायचा पेला हा खरे तर पंप नव्हे. बाळ एका बाजूला पीत असताना दुसऱ्या बाजूने आपोआप ठिबकणारे दूध तो गोळा करतो. तेवढ्यासाठी तो उत्तम आहे, पण त्याच्या भरवशावर कामावर परतण्याचे नियोजन करू नये.

टप्पा 3: रचना बंद आहे का, आणि पंप नवा आहे का

प्रकार ठरला की दुधाची वाट आणि हवेची वाट वेगळी आहे का ते पाहावे. बंद रचनेच्या पंपात दोन्हींच्या मध्ये एक पडदा असतो, त्यामुळे दूध किंवा ओल नळीतून मोटरपर्यंत पोहोचत नाही. उघड्या रचनेत ती पोहोचू शकते. मोटरच्या आत साचलेली ओल उघडून धुता येत नाही, तिथे बुरशी धरू शकते आणि तीच हवा पुन्हा नळीत खेळते. विक्रेत्याला ‘बंद रचना आहे का’ एवढेच विचारून थांबू नये. तो पडदा नेमका कुठे बसतो, ते दाखवायला सांगावे.

*इशारा:* एकाच व्यक्तीसाठी बनवलेला पंप दुसऱ्या आईकडून वापरायला घेऊ नये, मग ती सख्खी बहीण का असेना. कप आणि बाटल्या नव्या घेतल्या तरी मोटरचा आतला भाग निर्जंतुक करता येत नाही, आणि वापरून थकलेल्या मोटरची खेच किती उरली आहे हे बाहेरून कळत नाही. प्रेमाने देऊ केलेली वस्तू नाकारणे जड जाते हे मला ठाऊक आहे. तरीही इथे ती नाकारावी.

टप्पा 4: कपाचे माप घेणे

सर्वाधिक चुका इथे होतात आणि सर्वाधिक वेदनाही इथूनच येतात. स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याच्या आकाराच्या भागाला फ्लँज किंवा कप म्हणतात. त्याच्या मधल्या नळीसारख्या भागाला, जिच्यात निपल मागेपुढे सरकते, आपण बोगदा म्हणू. खोक्यावर लिहिलेले 24 किंवा 28 मिलीमीटर हे या बोगद्याचे माप असते. त्याचा स्तनाच्या आकाराशी संबंध नाही. मोठ्या स्तनांना मोठा कप लागतो हा समज चुकीचा आहे.

पंपासोबत बहुधा 24 चा कप येतो, कधी जोडीला 28 चाही असतो, आणि खोक्यात आहे तेच आपले माप असे गृहीत धरले जाते. माझ्या धाकट्या बहिणीने दोन महिने 24 च्या कपाने दूध काढले. प्रत्येक वेळेनंतर निपलभोवतीचा काळसर भाग सुजून चकतीसारखा दिसायचा. मोजून पाहिले तेव्हा तिचे निपल 16 मिलीमीटरचे निघाले. मोटर तीच ठेवून कप तेवढे बदलले आणि सूज थांबली.

माप पुढील क्रमाने घ्यावे.

1. पाजल्यानंतर किंवा पंप वापरल्यानंतर लगेच मोजू नये, कारण तेव्हा निपल ताणलेले आणि किंचित सुजलेले असते. आधी मोजावे.
2. बोटाने हलका स्पर्श करून निपल उभारू द्यावे.
3. मिलीमीटरच्या खुणा असलेली पट्टी निपलच्या बुंध्याशी आडवी धरून रुंदी वाचावी. भोवतालचे काळसर वर्तुळ मापात धरू नये.
4. पट्टी धरणे अवघड जात असल्यास कागदाची अरुंद पट्टी बुंध्याभोवती न आवळता गुंडाळावी, जिथे टोके भेटतात तिथे खूण करावी आणि उलगडून आलेल्या लांबीला 3.14 ने भागावे. 53 मिलीमीटर लांबी आली तर रुंदी सुमारे 17 मिलीमीटर होते.
5. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजाव्यात. दोहोंची मापे वेगळी असणे अगदी सामान्य आहे आणि तसे असल्यास दोन वेगळे कप वापरावेत.

आलेल्या मापाइतका किंवा त्याहून साधारण 3 मिलीमीटरपर्यंत मोठा बोगदा निवडून सुरुवात करावी. नेमका आकडा शेवटी वापरूनच ठरतो, कारण काहींची त्वचा अधिक लवचिक असते आणि ती बोगद्यात जास्त ओढली जाते. अशा वेळी एक माप लहान घेतल्यास बहुधा बरे पडते. पंप घेण्यापूर्वी त्या पंपाला आपल्या मापाचे कप किंवा बोगदा लहान करणाऱ्या सिलिकॉनच्या आतल्या कड्या मिळतात का, याची खात्री करावी. मिळत नसतील तर तो पंप कितीही नावाजलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही.

*तपासा:* पंप चालू असताना निपल बोगद्यात मोकळे सरकले पाहिजे आणि काळसर भाग फारसा आत जाता कामा नये. निपल कडांना घासत असेल, टोक पांढरेफटक पडत असेल, फोड किंवा चीर येत असेल, तर बोगदा लहान आहे. काळसर भाग बराच आत ओढला जात असेल, नंतर सुजत असेल किंवा कपाची पकड सारखी सुटत असेल, तर बोगदा मोठा आहे. काही आठवड्यांनी माप पुन्हा घ्यावे, ते बदलते.

टप्पा 5: खेच आणि लय

खेच, म्हणजे सक्शन, पाऱ्याच्या मिलीमीटरमध्ये सांगतात आणि बऱ्याच विद्युत पंपांचा कमाल आकडा 250 ते 300 च्या आसपास असतो. जाहिरात या आकड्यावरच भर देते, पण जास्त खेच म्हणजे जास्त दूध असे होत नाही. दुखायला लागले की शरीर आखडते आणि पान्हा फुटत नाही. कमाल आकड्यापेक्षा खेच किती बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करता येते, हे अधिक महत्त्वाचे आहे. तीनच पायऱ्यांच्या पंपात पहिली अपुरी आणि दुसरी असह्य असे होऊ शकते.

त्याहून मोलाची गोष्ट लय. बाळ छातीला लागते तेव्हा आधी भराभर, हलके चोखते. पान्हा फुटला की त्याचे ओढणे संथ आणि खोल होते आणि घोट ऐकू येऊ लागतात. चांगल्या पंपात या दोन्ही लयी असतात. पान्हा आणणारी जलद, हलकी लय आणि दूध काढणारी संथ, खोल लय वेगवेगळी लावता येते का, आणि खेच व वेग स्वतंत्रपणे बदलता येतात का, हे पाहावे.

टप्पा 6: वीज, आवाज आणि धुण्याचे भाग

पंप कामाच्या ठिकाणी न्यायचा असल्यास बॅटरी एका चार्जवर किती वेळा दूध काढू देते ते विचारावे आणि अडॅप्टर आपल्याकडच्या विजेच्या दाबाला चालतो याची खात्री करावी. आवाज दुकानातच चालू करून ऐकावा. मात्र हवेत चालणाऱ्या आणि अंगाला लावलेल्या पंपाचा आवाज सारखा नसतो.

मग सर्व भाग सुटे करून टेबलावर मांडावेत आणि मोजावेत. प्रत्येक वापरानंतर दुधाला लागलेला प्रत्येक भाग सुटा करून धुवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला नऊ भाग असलेला पंप रात्री दोन वाजता फार नकोसा होतो. ब्रश न पोहोचणारी खोबण कुठे आहे का, ते बोट फिरवून पाहावे. भाग थेट बेसिनमध्ये ठेवून धुऊ नयेत. बेसिनमध्ये इतर भांड्यांचे जंतू असतात. त्यांच्यासाठी वेगळे पातेले आणि वेगळा ब्रश ठेवावा, साबणाच्या गरम पाण्याने धुऊन हवेवर पूर्ण वाळू द्यावेत. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान, अपुऱ्या दिवसांचे किंवा अशक्त असेल तर उकळणे चालणारे भाग दिवसातून एकदा 5 मिनिटे पाण्यात उकळावेत. कामावर धुण्याची सोय नसेल तर सुट्या भागांचे दोन-तीन संच लागतील. त्यामुळे ते सहज मिळतात का, हेही निवडीचा भाग आहे.

काढलेले दूध सुमारे 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस आणि गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्यांसह थंड पेटीत 24 तास टिकते. कामाचा दिवस 4 तासांहून मोठा असेल आणि तिथे फ्रिज नसेल, तर थंड पेटी पंपाच्या यादीतच लिहावी.

टप्पा 7: पहिली चाचणी

नवा पंप कामावर परतण्याच्या आदल्या दिवशी उघडू नये, दोन-तीन आठवडे आधी उघडावा. सकाळी पाजून झाल्यावर साधारण तासाभराने, घाई नसताना बसावे. पहिल्या वापरापूर्वी सर्व भाग धुऊन उकळून घ्यावेत.

1. हात धुवावेत आणि पाठीला आधार घेऊन बसावे. पुढे वाकू नये.
2. स्तन हलक्या हाताने चोळावा. कपाच्या आतल्या कडेला दुधाचे दोन थेंब लावल्यास पकड चांगली बसते.
3. निपल बोगद्याच्या बरोबर मध्ये येईल असा कप ठेवावा. तो जोराने दाबू नये, कारण दाबल्याने आतले दूध वाहायला अडथळा होतो.
4. जलद, हलक्या लयीने सुरुवात करावी. एक-दोन मिनिटांत थेंबांच्या धारा होऊ लागल्या की संथ लयीवर यावे.
5. खेच एकेक पायरी वाढवत न्यावी. थोडेसेही खुपू लागले की एक पायरी खाली यावे. तीच तुमची पायरी.
6. 15 ते 20 मिनिटे पंप चालू ठेवावा. धार मंदावली की स्तन हाताने हलका दाबून पाहावा, बहुधा दुसऱ्यांदा पान्हा फुटतो.
7. काढताना आधी पंप बंद करावा आणि कपाच्या कडेला बोट घालून पकड सोडवावी. तो खेचून काढू नये.

*तपासा:* पाजण्यांच्या मध्ये काढल्यास दोन्ही बाजूंचे मिळून 15 ते 60 मिलीलीटर दूध निघणे सामान्य आहे. एक संपूर्ण पाजणी चुकवून काढल्यास 60 ते 120 मिलीलीटरपर्यंत येऊ शकते. पहिल्या दिवशीचा आकडा म्हणजे तुमचे एकूण दूध नव्हे. बाळ पंपापेक्षा कितीतरी चांगले ओढते, आणि बाळाला पुरते की नाही हे त्याचे वजन आणि ओले होणारे लंगोट सांगतात. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी चाचणी झाल्याशिवाय पंप वाईट ठरवू नये.

टप्पा 8: दूध कमी येऊ लागल्यास तपासण्याचा क्रम

चांगला चालणारा पंप दोन-तीन महिन्यांनी अचानक कमी दूध देऊ लागतो, आणि इथे पुन्हा आई स्वतःला दोष देते. आधी व्हॉल्व्ह काढून उजेडासमोर धरावा. परिचयातल्या एका बाळंतिणीचा पंप मी असाच उघडून पाहिला तेव्हा चोचीसारख्या पांढऱ्या व्हॉल्व्हच्या टोकाला केसाएवढी चीर होती. बोटांत दाबल्याशिवाय ती दिसतही नव्हती, पण तिच्यातून हवा शिरत होती आणि खेच निम्मीसुद्धा उरली नव्हती. व्हॉल्व्ह आणि पातळ पडदे झिजतात. रोज अनेकदा वापरणाऱ्यांनी ते एक ते तीन महिन्यांत बदलावेत आणि एक जोड नेहमी घरात ठेवावा.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर नळीचे सांधे सैल आहेत का ते पाहावे. नळीत फक्त पाण्याचे बारीक थेंब असतील तर ती कपापासून सोडवून पंप काही मिनिटे नुसता चालवावा, ती वाळते. नळीत दूध किंवा काळे ठिपके दिसल्यास ती टाकून द्यावी. त्यानंतर बॅटरीऐवजी थेट विजेवर पंप लावून पाहावा, आणि मग कपाचे माप पुन्हा घ्यावे. हे सर्व पाहूनही फरक पडला नाही, तर दूध काढण्याच्या वेळा चुकत आहेत का, पाळी सुरू झाली आहे का किंवा नवे औषध सुरू झाले आहे का ते आठवावे आणि स्तनपान सल्लागाराला पंप सोबत नेऊन दाखवावा. स्तनाचा एखादा भाग लाल आणि गरम झाला असेल, ताप आला असेल किंवा निपलमधून रक्त येत असेल, तर या क्रमात वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.